गाडी तापते कधी, ते आधी पाहा

बेकरीचा माल, कापडाचे गठ्ठे, भाजीपाला वाहण्यासाठी लहान व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे ज्या गाडीवर भिस्त ठेवली, ती म्हणजे मारुती ओम्नी. 1984 मध्ये ती 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज रस्त्यावर धावणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. काहींनी तर मागच्या सीटा काढून मुक्कामाच्या प्रवासासाठी झोपण्याची सोयही केली आहे. या गाड्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे गाडी तापते.

तापणे हा रोग नव्हे, लक्षण आहे. अंगात ताप आहे म्हणून कोणी लगेच ऑपरेशन करत नाही. ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो, हे आधी विचारले जाते. गाडीचेही तसेच आहे. गाडी नेमकी कधी तापते, हे मालकाने नीट सांगितले आणि मिस्त्रीने नीट ऐकले, तर निम्मे काम तिथेच होते.

ओम्नीचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. वॉटर पंप इंजिनातील पाणी फिरवतो. पाणी सुमारे 82 ते 88 अंश सेल्सिअस तापले की थर्मोस्टॅट उघडतो व ते रेडिएटरकडे जाते. तिथे वाऱ्याने आणि गरज पडल्यास विजेच्या पंख्याने ते थंड होते. रेडिएटरचे झाकण पाण्यावर दाब ठेवते. त्यामुळे ते 100 अंशांवरही उकळत नाही.

प्रथम सावधगिरी. काटा लाल रेषेकडे गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण लगेच उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडते. किमान अर्धा तास थांबावे आणि वरचा होज पाइप हाताला गार लागल्यावरच जाड फडके धरून झाकण सैल करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये. हेड ॲल्युमिनियमचे असते; ते तडकते किंवा वाकते.

आता तपासणी. ती स्वस्त कामापासून सुरू करावी.

1) उभी असताना किंवा गर्दीत तापते, चालू लागली की काटा खाली येतो: दोष बहुधा पंख्याचा असतो. फ्यूज, रिले, वायर आणि रेडिएटरचा थर्मोस्विच पाहावा. पंख्याला बॅटरीतून थेट करंट देऊन पाहावा. फिरला तर मोटर ठीक, दोष स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे.

2) घाटात किंवा माल भरल्यावर तापते: रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. बाहेरच्या जाळीत धूळ व किडे अडकतात; आतून बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचतात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी उघडून रॉडिंग करता येते. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर मात्र बदलणेच बरे. सैल बेल्ट, मागे राहिलेले इग्निशन टायमिंग आणि चिकटलेले ब्रेक हेही पाहावे.

3) सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते आणि रेडिएटरकडचा होज गारच राहतो: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. तो काढून भांड्यातील पाण्यात दोरीने लोंबकळता सोडावा व पाणी तापवावे. पाणी उकळेपर्यंत उघडला नाही, तर बदलावा.

4) पाणी वरचेवर कमी होते: होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचे भोक आणि झाकणाचे रबर पाहावे. गाडीला एलपीजी किट असेल तर रिड्यूसरला जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्याही तपासाव्यात. झाकण स्वस्त असते. शंका असली तरी नवे बसवावे.

5) गळती दिसत नाही तरी पाणी घटते, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ होते: तेव्हा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. हेड उतरवण्याची वेळ आता आली. गॅस्केट बदलताना हेडची सपाटी जरूर तपासावी. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही.

दोन जुगाड मात्र टाळावेत. पहिला, थर्मोस्टॅट काढून टाकणे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला येण्यास उशीर होतो, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. दुसरा, पंखा 'डायरेक्ट' करणे. त्याने मोटर लवकर जाते आणि मूळ दोष झाकला जातो. दोन्हींत गाडी चार दिवस चालते, पण पुढच्या घाटात मालक मालासकट अडकतो आणि नाव गॅरेजचे खराब होते.

काम झाल्यावर साध्या पाण्याऐवजी कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरावे. त्याने गंज थांबतो. झाकण उघडे ठेवून इंजिन चालवावे, आतली हवा निघू द्यावी आणि कमी झालेले पाणी पूर्ण करावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते मुलांच्या व जनावरांच्या तोंडी लागेल असे ठेवू नये आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

मालकाने रोज सकाळी इंजिन गार असताना पाण्याची पातळी पाहावी. मिस्त्रीने हेडला हात लावण्याआधी वरील पहिल्या चार गोष्टी तपासून त्याचे निष्कर्ष गिऱ्हाइकाला सांगावेत. ज्या गॅरेजात पन्नास रुपयांचे काम पन्नास रुपयांतच होते, तिथे गिऱ्हाईक मोठे कामही विश्वासाने सोपवते.