आमिश शेतकऱ्यांचा दुभता गोठा

अमेरिकेंतील दुग्धव्यवसायाचें नांव निघालें म्हणजे हजार-दोन हजार गाईंचे गोठे व नळ्यांतून वाहणारें दूध हेंच चित्र आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें खोटें नाहीं. परंतु त्याच देशांत पेन्सिल्व्हानिया, ओहायो व इंडियाना या राज्यांत तीस-चाळीस गाईंवर घर चालविणारा आणि शेतांत अद्यापि घोडे व खेंचरें जुंपणारा एक शेतकरीवर्ग आहे. हा आमिश लोकांचा वर्ग होय. त्यांच्या गोठ्यांत दिवसभर काय चालतें, जनावरांची निगा कशी राखतात, आणि लहान गोठा टिकविण्यासाठीं त्यांस काय करावें लागलें, हें आम्हीं या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमिश हे मूळचे स्वित्झर्लंड, आल्सास व दक्षिण जर्मनी या भागांतील ख्रिस्ती लोक. प्रौढपणीं समजून घेतलेला बाप्तिस्माच खरा असें मानणाऱ्या पंथांत १६९३ मध्यें फूट पडली, तेव्हां याकोब आमान याच्या अनुयायांस हें नांव पडलें. अठराव्या शतकांत त्यांच्यापैकीं पुष्कळ लोक पेन्सिल्व्हानियांत जाऊन राहिले. आज त्यांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक आहे. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते व ती आपले नियम आपणच ठरविते. एका मंडळींत जें चालतें तें शेजारच्या मंडळींत चालेलच असें नाहीं. म्हणून पुढील हकीकत मुख्यतः लँकेस्टर जिल्ह्यास धरून आहे असें वाचकांनीं समजावें.

हे लोक यंत्रांचे शत्रू आहेत अशी समजूत सर्वत्र आढळते. त्यांच्या गोठ्यामागें डिझेलचें इंजिन धडधडतांना ऐकलें म्हणजे ती टिकत नाहीं. नवीन साधन पुढें आलें कीं तें घरांतील माणसांस दूर नेईल काय, शेजाऱ्याची गरज नाहींशी करील काय, जमिनीचा हव्यास वाढवील काय, हें मंडळी पाहते. सुमारें १९२० पासून बाहेरच्या तारेची वीज त्यांनीं घरांत घेतलेली नाहीं. ट्रॅक्टर गोठ्यापाशीं उभा करून त्याच्या पट्ट्यावर वैरण कापण्याचें यंत्र चालविण्यास हरकत नाहीं, पण तो शेतांत न्यावयाचा नाहीं. कारण एकच माणूस दुप्पट-तिप्पट जमीन करूं लागला म्हणजे शेजाऱ्याच्या मुलांस जमीन उरत नाहीं. या विचारसरणींतील सर्वच निर्णय आम्हांस पटतात असें नाहीं. परंतु गोठ्याचा आकार तिनेंच ठरविला आहे: घरच्या माणसांच्यानें दोन्ही वेळां ज्यांची धार काढवेल तेवढ्याच गाई ठेवावयाच्या.

दिवस पहांटे साडेचार-पांचला सुरू होतो. गाई दोन दावणींत बांधलेल्या असतात. नवरा, बायको व मोठीं मुलें सर्वच धारेला लागतात. प्रथम कास व सड पुसून स्वच्छ करावयाचे, मग प्रत्येक सडांतून दोन-तीन चिळकांड्या निराळ्या भांड्यांत घेऊन दुधांत गांठी किंवा पाणचटपणा आहे काय हें पाहावयाचें. गांठी दिसल्या म्हणजे कासदाहाची सुरुवात समजावी. त्या गाईचें दूध वेगळें काढतात व तिची धार सर्वांच्या शेवटीं घेतात, म्हणजे रोग हातांनीं व यंत्रानें दुसऱ्या गाईस जात नाहीं. पुसण्याचें फडकें प्रत्येक गाईस निराळें. कास पुसल्यावर मिनिटाभरांत यंत्र लावावें लागतें, कारण पान्हा थोडींच मिनिटें टिकतो. माणूस मध्येंच बोलत उभा राहिला कीं तेवढें दूध कासेंत राहिलें. धार संपतांच सड आयोडिनच्या पाण्यांत बुडवितात. सडाचें तोंड पुनः मिटण्यास कांहीं वेळ लागतो. तेवढ्यांत गाय शेणांत बसूं नये म्हणून तिच्यापुढें लगेच वैरण टाकतात व ती उभी राहते. ही साधी युक्ति आपल्याकडील संकरित गाईंच्या गोठ्यांतहि करण्यासारखी आहे.

धारेचें यंत्र म्हणजे हवा शोषणाऱ्या पंपास जोडलेली बादली. पंप डिझेलच्या इंजिनावर चालतो. गाईंच्या डोक्यावरून नळी नेऊन दूध थेट टाकींत सोडण्याची पद्धत लँकेस्टरच्या मंडळ्यांनीं मान्य केली नाहीं. भरलेली बादली माणसानें उचलून दूधघरांत न्यावयाची. कष्ट आहेत खरे, पण चाळीस गाईंच्या पुढें गोठा वाढूं न देणारा बांधहि हाच. ओहायोंतील कांहीं अधिक कडक मंडळ्यांत तर धार अद्यापि हातानेंच काढतात.

गाई बहुतेक काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन जातीच्या, कोठें कोठें जर्सी. उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ मध्यें स्थापिलेल्या बायफ संस्थेच्या कार्यानंतर याच दोन जातींचें रक्त महाराष्ट्रांतील पुष्कळ गोठ्यांत आलें, तेव्हां या गाईंचे गुणदोष वाचकांस नवे नाहींत. भरपूर दूध देणाऱ्या गाईचे दोन काळ धोक्याचे. एक भाकड काळ: विण्यापूर्वीं सुमारें साठ दिवस धार बंद ठेवून कासेस विश्रांति दिली नाहीं तर पुढच्या वेताचें दूध घटतें. दुसरा विल्यानंतरचा पहिला दिवस-दीड दिवस. चिकांतून चुना एकदम बाहेर गेल्यामुळें गायीच्या रक्तांत तो कमी पडतो. कान गार होतात, गाय बसते ती उठत नाहीं, मान कुशीकडे वळविते. याला दुग्धज्वर म्हणतात, पण ज्वर त्यांत मुळींच नसतो, अंग उलट थंड पडतें. उपाय म्हणजे शिरेंतून चुन्याचें औषध. तें फार सावकाश द्यावें लागतें, घाई केली तर हृदय बंद पडून गाय जाते. म्हणून पशुवैद्यास ताबडतोब बोलवावें लागतें. आमिश घरांत टेलिफोन नसतो. तो रस्त्याच्या कडेच्या लांकडी खोपटांत असतो व दोन-चार घरें मिळून तो वापरतात. अडलेली गाय व आजारी माणूस यांसाठीं ही सवड पुष्कळ मंडळ्यांनीं ठेविली आहे.

वासरूं जन्मल्यावर पहिल्या कांहीं तासांतच त्यास चीक पाजतात. वासराच्या आंतड्यांस चिकांतील रोगप्रतिकारक द्रव्यें शोषण्याची शक्ति पहिल्या दिवसापुरतीच असते. पुढें वासरूं आईपासून वेगळें ठेवून बाटलीनें किंवा बादलीनें दूध देतात. हें काम मुलांचें. सहा-सात वर्षांची मुलगी दोन वासरांची बादली घेऊन उभी आहे, हें दृश्य तेथें नित्याचें आहे. कालवडी ठेवतात, गोऱ्हे विकतात. मुलांची शाळा आठव्या इयत्तेपर्यंत. त्यापुढें सक्तीनें शाळेंत घालतां येणार नाहीं असा निकाल त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ मध्यें दिला. जाणत्या मुलांस पुढील शिक्षण बंद होतें ही गोष्ट आम्हांस मान्य होण्यासारखी नाहीं, तरी गोठ्याचें शिक्षण त्यांस पुरेपूर मिळतें यांत शंका नाहीं. त्याचा एक अनपेक्षित लाभहि झाला आहे. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत इंडियानांतील आमिश मुलांची तुलना साउथ डकोटांतील हटराइट पंथाच्या मुलांशीं केली आहे. दोघांचें कुळ, आहार व राहणी पुष्कळ अंशीं सारखी. पण हटराइट लोकांचे गोठे मोठे व यांत्रिक, व मुलें तेथें फारशीं जात नाहींत. दम्याचें प्रमाण आमिश मुलांत शेंकडा सुमारें ५, तर हटराइट मुलांत सुमारें २१ आढळलें. गोठ्यांतून घरांत येणाऱ्या धुळींतील सूक्ष्म जंतूंच्या अंशांमुळें हें संरक्षण मिळत असावें, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

त्यांच्या गोठ्याची बांधणी पाहण्याजोगी असते. उताराच्या जागीं दुमजली इमारत बांधतात. खालच्या बाजूनें जनावरें तळमजल्यांत शिरतात व वरच्या बाजूनें गवताची गाडी सरळ माळ्यावर जाते. माळ्यावरचें गवत भोंकांतून खालीं गव्हाणींत टाकावयाचें. हिंवाळ्यांत गवताचा थर थंडीहि अडवितो. मात्र गवत नीट वाळल्याशिवाय रचलें तर तें आंतल्या आंत तापून पेट घेतें, आणि खालीं दावणीला बांधलेलीं जनावरें वांचविणें कठीण होतें. अशी आग लागली म्हणजे शेंकडों शेजारी जमतात व थोडक्या दिवसांत नवा गोठा उभा करितात. विमा कंपनीची जागा त्यांच्यांत शेजाऱ्यांनींच घेतली आहे.

शेतकामास लँकेस्टरमध्यें खेंचरें, इतरत्र बेल्जियन जातीचे मोठे घोडे. खेंचर उन्हाला सोशीक व खाण्यांत जपून असतें; घोडा मात्र उघडें सांपडलेलें धान्य अजीर्ण होईपर्यंत खातो. सकाळीं दाणावैरण झाल्यावर अंग खरारतात व गळ्याचा गादीचा पट्टा मानेस बरोबर बसतो कीं नाहीं हें पाहतात. बैलाचा खांदा आला म्हणजे काय होतें हें आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. तोच प्रकार येथें. उन्हाळ्यांत जनावर रोडावलें कीं पट्टा सैल होऊन घासतो, म्हणून ऋतूप्रमाणें पट्टा बदलावा लागतो.

आतां मुख्य पेंचाकडे वळूं. पूर्वी दूध डब्यांत भरून तो गार पाण्यांत ठेवीत व गाडी येऊन घेऊन जाई. १९६८-६९ च्या सुमारास दूध घेणाऱ्या कंपन्यांनीं सांगितलें कीं यापुढें पिण्यासाठींचें दूध थंड टाकींतूनच घेऊं, व टाकींतील दूध आपोआप ढवळलें गेलें पाहिजे. टाकी नाकारावी तर दूध केवळ चीजसाठीं कमी भावानें द्यावें लागणार. वीज घ्यावी तर पन्नास वर्षांचा नियम मोडणार. मंडळ्यांच्या प्रमुखांनीं कंपन्यांशीं बोलणीं करून वाट काढली. शीतयंत्र डिझेलवर चालवावें, दूध ढवळण्याचें यंत्र १२ व्होल्टच्या ब्याटरीवर चालवावें, आणि रविवारीं दूध नेण्यास गाडी येऊं नये. तिसरी अट कंपन्यांस गैरसोयीची होती, पण त्यांनीं ती मान्य केली. त्या जिल्ह्यांतील दूध सोडणें त्यांसहि परवडणारें नव्हतें. रविवारीं धार व चारापाणी होतेंच, दुसरें काम होत नाहीं.

एका बाबतींत मात्र हा जिल्हा अनुकरणीय नाहीं. लहान क्षेत्रांत फार जनावरें झाल्यामुळें शेण जमिनीस लागतें त्याहून अधिक पडतें व त्यांतील नत्र आणि स्फुरद ओढ्यांवाटे चेसापीक उपसागरांत जातात. २०१० मध्यें सरकारनें त्यावर मर्यादा घातली. गाईंनीं ओढ्यांत उभें राहूं नये म्हणून कांठावर कुंपण व शेणखताचे पक्के हौद, हे उपाय ठरले. परंतु सरकारी पैसा घेणें आमिश लोकांस पसंत नसल्यामुळें कामें मंद चाललीं.

अलीकडे सर्वांत मोठा आघात भावाचा आहे. १९७० मध्यें अमेरिकेंत दुभत्या गाई असलेलीं शेतें ६ लाखांहून अधिक होतीं. २०२२ च्या शेतकी गणतींत तीं ४० हजारांहून कमी भरलीं. मोठ्या गोठ्याच्या भावांत लहान गोठ्याचें दूध विकून चाळीस गाईंवर घर चालत नाहीं. जमीनहि महाग झाली, म्हणून पुष्कळ आमिश तरुण आतां सुतारकाम व बांधकामाकडे वळले आहेत. जे गोठा सोडीत नाहींत त्यांच्यापैकीं कांहींनीं सेंद्रिय दुधाचा मार्ग धरला आहे, कारण त्यास भाव अधिक मिळतो. २०१० पासून त्याचा नियम असा कीं वर्षांत किमान १२० दिवस गाईंनीं चरलें पाहिजे व चरण्याच्या काळांत शुष्क आहारापैकीं निदान शेंकडा ३० भाग चराईंतून मिळाला पाहिजे. ज्यांचीं शेतें घराभोंवतीं आहेत व कुंपण सरकविण्यास मुलें आहेत त्यांस हें सोपें जातें. अडचण आजाराच्या वेळीं येते. कासदाह बळावला व प्रतिजैविक औषध दिलें तर ती गाय सेंद्रिय गोठ्यांतून कायमची बाद होते. आणि प्रमाणपत्र राखण्यासाठीं औषध न देणें हेंहि नियमाविरुद्ध आहे. अशा वेळीं शेतकरी गाईस औषध देतो, ती बरी होईपर्यंत वेगळी बांधतो, आणि मग ती साध्या दुधाच्या गोठेवाल्यास विकून टाकतो.