महागडं पिस्तूल घ्यावं का?

प्रश्न : मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. आता २५ मीटरसाठी परदेशी सेमी-ऑटोमॅटिक हवं म्हणते. पैसे वसूल होतील?
– एक पालक, हिंगणघाट

उत्तर : इतक्यात नको. नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो हाच २५ मीटरचा प्रकार. त्यातल्या रॅपिड फेरीत तीन सेकंदांत हात उचलून गोळी सोडायची. ट्रिगर सुटायला लागणारं वजन नियमाने किमान १००० ग्रॅम. महाग पिस्तुलात तो दर वेळी सारखाच, हिसका न देता सुटतो. पैसे त्याचे, आणि लाकडी मुठीचे. (तीही शेवटी कानशीने घासावी लागतेच!) शिवाय या .२२ कॅलिबरच्या पिस्तुलाला जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना लागतो, काडतुसांचा खर्च वेगळा. वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर खेळू द्या. मग नवं पिस्तूल तिच्याच हातात देऊन, तिच्याच काडतुसांवर अडकतं का ते बघून घ्या.