मज्जातंतूंची आडवाट

प्रश्न : पुतण्याच्या कोपराजवळ काच घुसून नस तुटली. डॉक्टर हातातल्याच दुसऱ्या नसेची फांदी जोडणार आहेत, पण आधी ‘आतली रचना वेगळी आहे का’ ते बघणार म्हणतात. सगळ्यांचे हात आतून सारखेच असतात ना?

उत्तर : तुटली ती रक्ताची शीर नव्हे, मज्जातंतू. कोपर चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तोच हा ‘अल्नर’. बोटं फाकवणारे आणि चिमटीत कागद घट्ट धरायला लावणारे तळहातातले छोटे स्नायू तोच चालवतो.

तो शिवता येतो, पण नवे तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. कोपरापासून तळहातापर्यंत पोचायला दहा महिने सहज जातात, आणि वर्ष-दीड वर्ष आदेश न मिळालेला स्नायू वाळून जातो. म्हणून मनगटाच्या जरा वर ‘मीडियन’ मज्जातंतूची एक फांदी अल्नरला जोडतात. ही फांदी हात पालथा करणाऱ्या स्नायूची. ती घेतली तरी हात वळतो, कारण त्याच कामाचा दुसरा स्नायू कोपराजवळ असतो.

आता तुमची शंका. हात आतून सारखे नसतात. शंभरातल्या साधारण १५ ते २० जणांत मीडियनचे काही तंतू कोपर-मनगटाच्या दरम्यान आडवे जाऊन अल्नरमध्ये शिरतात. रोलांड मार्टिन यांनी १७६३ मध्ये आणि ग्रुबर यांनी १८७० मध्ये हे नोंदवलं, म्हणून ही ‘मार्टिन-ग्रुबर जोड’. हा आजार नाही. बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही.

पण अशा माणसाचा अल्नर कोपराशी पुरता तुटला, तरी जखमेच्या खाली शिरलेले तंतू काम करत राहतात. बोटं थोडी हलतात आणि घरचे म्हणतात, ‘नस शाबूत आहे.’ ही समजूत घातक आहे. आडवाटेने बहुधा हालचालीचेच तंतू जातात, स्पर्शाचे नाहीत. त्यामुळे बधिर करंगळी खरं काय ते सांगते.

शस्त्रक्रियेतही हे महत्त्वाचं. फांदी जोडायला अल्नरचा हालचालीचा भाग कापला, तर हेच चालते तंतू तुटतील. काहींत तर आडवाट त्या फांदीच्याच मुळातून निघते. म्हणून आधी मीडियनला कोपरात विजेचा हलका झटका देतात, मग मनगटात. अंगठा आणि तर्जनीमधला स्नायू कोपरातल्या झटक्याने उडाला आणि मनगटातल्या झटक्याने नाही, तर वाट मध्येच फुटली आहे.