तर्काच्या प्रश्नांची तयारी : पैसे कुठे मोजायचे, कुठे नाही

एमबीए किंवा कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या घरी क्लासचं पत्रक येतं तेव्हा त्यावर ‘लॉजिकल रीझनिंग’ ही एवढीशी ओळ असते आणि खाली पन्नास-साठ हजारांचा आकडा. त्या ओळीत नेमकं काय शिकवणार, हे पालक सहसा विचारत नाहीत. विचारायला हवं. उताऱ्यावरून किंवा विधानांवरून अनुमान काढण्याचे प्रश्न प्रत्येक परीक्षेत वेगळ्या प्रमाणात आणि वेगळ्या धाटणीचे येतात. शिवाय सरावाला लागणारे उत्तम प्रश्न बऱ्याचदा फुकट किंवा चिल्लर खर्चात मिळतात. दुर्मिळ असतो तो आपलं उत्तर का चुकलं हे समोर बसून दाखवणारा शिक्षक. खिशात हात घालायचा तर त्याच्यासाठी.

आधी आपल्या परीक्षेत या प्रश्नांचा वाटा किती, ते पाहा. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात. त्यात तर्काचे ७५ आणि आकृत्यांचे २५, म्हणजे निम्मा पेपर. पण त्या ७५ मध्ये बैठकव्यवस्था, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा असली कोडीच अधिक. विधान आणि निष्कर्ष, विधान आणि गृहीतक हे त्यातलं एक पोट-प्रकरण. कॅटमध्ये सुटा तर्कप्रश्न अलीकडे जवळपास दिसत नाही. तिथे अनुमान लपलेलं असतं इंग्रजीच्या विभागातल्या उताऱ्यांत. त्या विभागातल्या २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे असतात, आणि ‘लेखकाच्या म्हणण्यावरून पुढीलपैकी काय निघतं’ हा त्यांतला नेहमीचा पाहुणा. क्लॅटमध्ये १२० पैकी २२ ते २६ प्रश्न तर्काचे, तेही सगळे उताऱ्यावर. २०२० पासून क्लॅटने ही उताऱ्याची पद्धत घेतली, त्यामुळे त्याआधीची जुनी पुस्तकं क्लॅटसाठी रद्दीच समजा. परदेशी जाणाऱ्यांच्या जीमॅटमध्ये वाक्यरचनेचे प्रश्न नव्या आवृत्तीत वगळले गेल्यापासून भाषेच्या विभागात तर्क आणि उतारे एवढंच उरलं आहे : २३ प्रश्न, ४५ मिनिटं. अमेरिकी कायदा महाविद्यालयांच्या एलसॅटने ऑगस्ट २०२४ पासून प्रसिद्ध ‘लॉजिक गेम्स’ काढून टाकले आणि गुण मिळणाऱ्या तीन विभागांपैकी दोन तर्काला दिले. म्हणजे एलसॅट देणाऱ्याने या प्रश्नांवर वर्ष घालवलं तरी ते वसूल होतं. सीईटी देणाऱ्याने त्यासाठी वेगळा महागडा कोर्स घेणं मात्र उधळपट्टी.

परीक्षेची फी हा खर्च टळत नाही. सीईटीचा अर्ज खुल्या गटाला साधारण हजार-बाराशेत होतो. २०२५ च्या कॅटची फी २,६०० रुपये होती, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना १,३००. क्लॅटची ४,०००, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील उमेदवारांना ३,५००. क्लॅटच्या निकालानंतर समुपदेशनाच्या नोंदणीसाठी आणखी बरीच मोठी रक्कम आधी भरून ठेवावी लागते, हे अर्ज भरताना कुणी सांगत नाही. केंद्रावर जाऊन दिलेल्या जीमॅटला २७५ डॉलर, घरून दिल्यास ३०० डॉलर. म्हणजे एका बैठकीचे पंचवीस हजारांच्या आसपास, आणि दुसऱ्यांदा बसलात तर पुन्हा तेवढेच. एलसॅटची फी २०२५-२६ साठी २४८ डॉलर आहे. ‘एकदा देऊन बघू’ हे सीईटीबाबत ठीक, जीमॅटबाबत परवडणारं नाही.

प्रश्न सोडवायचा कसा

क्लासमध्ये या विषयावर पाच-सहा तास शिकवतात. त्यातलं कामाचं सगळं एका उदाहरणात येतं. समजा उतारा असा आहे : एका तालुक्याच्या ग्रंथालयाने वार्षिक वर्गणी वाढवली. त्यानंतरच्या वर्षी सभासद कमी झाले, पण वर्गणीचं एकूण उत्पन्न आदल्या वर्षाइतकंच राहिलं. यावरून काय नक्की निघतं? (अ) वर्गणी वाढल्यामुळे लोकांनी सभासदत्व सोडलं. (आ) दर सभासदामागे मिळणारी सरासरी वर्गणी वाढली. (इ) पुढच्या वर्षी सभासद आणखी घटतील. (ई) वर्गणी वाढवण्याचा निर्णय चुकला.

बहुतेक जण ‘अ’वर बोट ठेवतात, कारण आपण तेच म्हटलं असतं. पण उताऱ्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या एवढंच आहे. एकीमुळे दुसरी घडली असं कुठे म्हटलेलं नाही. ग्रंथालयाची जागा बदलली असेल, शेजारी दुसरी अभ्यासिका निघाली असेल. ‘इ’ भविष्य सांगतो, ‘ई’ निवाडा देतो, आणि उताऱ्यात दोन्हींना आधार नाही. उरतो तो रुक्ष दिसणारा ‘आ’. एकूण रक्कम तेवढीच आणि वर्गणी भरणारे लोक कमी, तर सरासरी वाढलीच पाहिजे.

खात्री करायची युक्ती अशी : पर्याय खोटा धरा आणि उताऱ्याशेजारी ठेवून बघा. ‘सरासरी वाढली नाही’ असं धरलं तर कमी सभासदांकडून तेवढंच उत्पन्न येणं अशक्य, म्हणजे उताराच मोडतो. म्हणून ‘आ’ बरोबर. ‘लोकांनी वर्गणीमुळे सोडलं नाही’ असं धरलं तरी उतारा जसाच्या तसा उभा राहतो. म्हणून ‘अ’ बाद. नक्की निघणाऱ्या अनुमानाला ही कसोटी सगळ्या परीक्षांत लागू पडते.

बरोबर उत्तर बहुधा बेचव असतं, हे मुलांना पटायला वेळ लागतो. ‘काही’, ‘निदान एक’, ‘असू शकतं’ असं मवाळ बोलणारा पर्याय आधी तपासावा. ‘सर्व’, ‘कधीच नाही’, ‘एकमेव कारण’ असं गर्जणाऱ्याकडे संशयाने पाहावं. अर्थात उताराच तसं गर्जत असेल तर पर्यायही गर्जू शकतो.

दोन सापळे वारंवार येतात. पहिला टक्केवारीचा. कॉलेजात मुलींचा वाटा ४० वरून ४५ टक्के झाला, यावरून मुलींची संख्या वाढली असं निघत नाही. एकूण पटच घटला असेल. मुलांच्या तुलनेत मुलींचं प्रमाण वाढलं, एवढंच नक्की. दुसरा ‘बहुतेक’चा. वर्गातले बहुतेक विद्यार्थी वसतिगृहात राहतात आणि बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आले आहेत, तर वसतिगृहात राहणारा निदान एक मराठी माध्यमाचा निघतोच, कारण दोन्ही गट निम्म्यापेक्षा मोठे आहेत. पण ‘बहुतेक’च्या जागी दोन्हीकडे ‘काही’ घातलं की हे अनुमान कोसळतं. गटांचे सोपे गोल काढून पाहिल्याशिवाय असल्या प्रश्नाला हात घालू नये.

वेळ आणि गुणांचा हिशेब

सीईटीत एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद येतात, क्लॅटमध्ये उतारा वाचण्यासकट एक मिनिट, जीमॅटच्या भाषेच्या विभागात दोन मिनिटांना थोडं कमी. खोटं धरून बघण्याची कसोटी सगळ्या पर्यायांवर चालवायला ४५ सेकंद पुरत नाहीत. सीईटीत दोन पर्याय सोडून बाकीचे नुसत्या वाचनानेच उडवावेत आणि कसोटी उरलेल्या दोघांपुरती ठेवावी.

चुकीची किंमतही वेगळी. सीईटीत वजा गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. क्लॅटमध्ये बरोबरला १, चुकीला उणे पाव. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने प्रश्नामागे ०.०६ गुण पदरात पडतात, आणि एक पर्याय नक्की उडवता आला तर ०.१७. कॅटमध्ये ३ आणि उणे १. तिथे निव्वळ अंदाजाचा हिशेब शून्यावर येतो, पण दोन पर्याय उडवले तर सरासरी एक गुण मिळतो. कॅटवाल्याने ‘खात्री नाही म्हणून सोडलं’ असं दोन पर्याय उरले असताना म्हणू नये. जीमॅटमध्ये प्रत्येक विभागात शेवटी तीन उत्तरं बदलता येतात. ती सवलत अनुमानाच्या प्रश्नांसाठी राखून ठेवणारे शहाणे.

साहित्य

क्लॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर मिळतात. कॅटचा अधिकृत मॉकही विनामूल्य असतो. जीमॅटच्या अधिकृत सराव चाचण्यांपैकी पहिल्या दोन फुकट, पुढच्या विकत. एलसॅटच्या ‘लॉहब’वर मोफत खातं उघडलं की काही खऱ्या जुन्या चाचण्या मिळतात, आणि पूर्ण संग्रहाला वर्षाचे १२० डॉलर. माझं मत विचाराल तर तर्कप्रश्नांसाठी एलसॅटच्या जुन्या चाचण्यांइतकं घोटून-पारखून तयार केलेलं साहित्य दुसरं नाही. क्लॅट आणि जीमॅट देणाऱ्यांनीही त्या मोफत चाचण्यांतला तर्काचा विभाग सोडवावा. सीईटीवाल्यांनी मात्र तिकडे फिरकू नये. तिथली लांब वाक्यं वाचायची सवय लागली तर ४५ सेकंदांचं गणित बिघडतं.

पुस्तक हवंच तर सीईटीसाठी आर. एस. अगरवाल यांचं रीझनिंगचं जाडजूड पुस्तक पुरतं, तेही सेकंडहँड. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत माटुंग्याच्या पुस्तकवाल्यांकडे अर्ध्या किमतीत मिळू शकतं. त्यात पेन्सिलीच्या खुणा असतील तर आधी खोडा, नाहीतर दुसऱ्याच्या उत्तराचा प्रभाव पडतो. राज्याच्या एलएलबी सीईटीचा पेपर मराठीतूनही देता येतो. तो पर्याय निवडणाऱ्याने निदान निम्मा सराव मराठी विधानांवर करावा. इंग्रजी पुस्तकावर तयारी आणि मराठीत पेपर, हा घोळ टाळावा.

मॉक चाचण्यांची मालिका सीईटीसाठी साधारण हजार-दोन हजारांत, कॅट-क्लॅटसाठी दोन ते पाच हजारांत मिळते. या खर्चाला माझी हरकत नाही, कारण वेळेचा सराव दुसरीकडे होत नाही. घेण्याआधी एक नमुना चाचणी फुकट मागा आणि तिचं उत्तरांचं स्पष्टीकरण वाचा. प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा, हे लिहिलेलं नसेल आणि ‘उताऱ्यावरून स्पष्ट आहे’ एवढंच असेल, तर ती मालिका घेऊ नका.

क्लास लावायचा का

मोठ्या शहरात कॅट-सीईटीचा वर्गातला कोर्स चाळीस ते सत्तर हजार, ऑनलाइन त्याच्या निम्म्यात, आणि क्लॅटचा दोन वर्षांचा कोर्स लाखाच्या पुढे, असा साधारण बाजार आहे. सांगितलेल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, ते आधी विचारा. पन्नास हजारांचे एकोणसाठ हजार होतात ते तिथेच.

फक्त अनुमानाच्या प्रश्नांसाठी पूर्ण कोर्स घेऊ नये. गणित आणि इंग्रजीही कच्चं असेल तर गोष्ट वेगळी. तर्क तेवढा अडत असेल तर आधी स्वतः चुकांची वही घाला. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली आपण कोणता पर्याय का निवडला आणि तो कशाने बाद होतो, हे दोन ओळींत लिहा. अशा पन्नासेक नोंदी झाल्या की नमुना दिसतो : कुणी नेहमी कारण जोडतं, कुणी लेखकाच्या मताला वस्तुस्थिती समजतं, कुणी घाईत ‘काही’चे ‘सर्व’ करतं. ती वही घेऊन एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे काही तास वैयक्तिक शिकवणी घेतली, तर तासाला पाचशे ते हजार देऊनही खर्च कोर्सच्या पाव भागात आटपतो. शिक्षक पारखायचा तर त्याला एका चुकीच्या पर्यायाबद्दल विचारा. बरोबर उत्तर कुणीही सूचीत पाहून सांगतं.

एक खर्च परीक्षेनंतरचा. क्लॅटच्या तात्पुरत्या उत्तरसूचीवर हरकत घ्यायला प्रश्नामागे हजार रुपये पडतात, आणि हरकत मान्य झाली तर ते परत मिळतात. सूची चुकूच शकत नाही असं नाही. क्लॅट २०२५ चा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२५ मध्ये काही प्रश्नांचे गुण बदलले गेले. पण हरकत घेण्याआधी वहीतल्यासारख्या दोन ओळी लिहून पाहा. सूचीतलं उत्तर खोटं धरूनही उतारा टिकतो, हे त्या दोन ओळींत दाखवता आलं तरच हजार भरा.

आता जाहिराती. एकाच टॉपरचा फोटो चार क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो, कारण त्याने एकीकडे वर्षभर शिकवणी घेतलेली असते आणि बाकीच्या तिघांकडे फक्त मॉक दिलेले किंवा मुलाखतीची तयारी केलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लासने त्या विद्यार्थ्याने कोणता कोर्स, किती काळ, आणि पैसे भरून केला का, हे सांगणं बंधनकारक आहे, आणि निवड झाल्यानंतर घेतलेल्या संमतीशिवाय फोटोही वापरता येत नाही. शंभर टक्के प्रवेशाची हमीही देता येत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. प्रवेश अर्जावर मात्र ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. सही करण्याआधी ती ओळ खोडून घ्या किंवा परतीची अट हाताने लिहून घ्या. फी दोन-तीन हप्त्यांत द्या, कर्ज काढून देणाऱ्या कंपनीमार्फत नको, कारण क्लास सोडला तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतात. प्रत्येक हप्त्याची जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्या आणि पत्रक, जाहिरात, व्हॉट्सॲपवर दिलेली आश्वासनं जपून ठेवा. क्लासने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही.