हैदराबादेत नोकरी, धावणे आणि प्रवास: भाचीस पत्र



नोकरी, धावणे आणि प्रवास या तीन गोष्टी एका मुलीच्या आयुष्यात एकत्र येतात, तेव्हा त्यांतली कोणती कोणाच्या जिवावर चालते हे आधी पाहावे लागते. महाराष्ट्रात याची ठळक उदाहरणे दोन आहेत. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये 2012 ते 2014 अशी सलग तीन वर्षे भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या. पुढे त्या 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत त्यांनी 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावे स्थान मिळवले. 1984 साली पी. टी. उषा धावल्या, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री 32 वर्षांनी दिसली. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. दोघींना नोकरी धावण्यामुळे मिळाली: एकीला रेल्वेत, दुसरीला ओएनजीसीत. बाबर पुढे राज्य शासनात उपजिल्हाधिकारी झाल्या. गावाबाहेरचे जगही दोघींना पायांनीच दाखवले.

हैदराबादेत संगणकक्षेत्रात नोकरीला येणाऱ्या मुलीचा हिशेब नेमका उलटा असतो. तिच्याकडे पगार आधी येतो; बूट, स्पर्धेची फी आणि रेल्वेचे तिकीट त्यातून निघते. तिला तुटवडा असतो तो झोपेचा. व्यावसायिक धावपटू दुपारी झोपते, तो तिच्या कामाचाच भाग असतो. माधापूरच्या कार्यालयात रात्री साडेदहाला अमेरिकेशी बैठक संपवणारी मुलगी पहाटे साडेचारचा गजर लावते, तेव्हा ती बाबर किंवा राऊत यांच्यासारखी शिस्त पाळत नसते. उसनवारी करत असते. या पत्रातला बाकीचा सगळा सल्ला या एका गोष्टीवरून निघतो.

कामाबद्दल फार लांबण लावण्याचे कारण नाही. 22 नोव्हेंबर 1998 रोजी माधापूरच्या सायबर टॉवर्स या संगणककंपन्यांच्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि शहराचा पश्चिमेकडचा खडकाळ माळ बघता बघता कार्यालयांनी भरला. राहण्याची जागा मात्र अनेक मुली अजून अमीरपेठेत शोधतात, कारण तिथे लेडीज हॉस्टेले स्वस्त आणि भरपूर आहेत. नागोल ते रायदुर्ग या मेट्रोमार्गामुळे ते जमतेही. तरी जाण्यायेण्यात रोज दोन तास जात असतील, तर महिन्याला दोन-तीन हजार रुपये जास्त भाडे देऊन कोंडापूर किंवा गच्चीबावलीकडे राहावे. ते पैसे झोपेसाठी मोजलेले असतात. रात्रपाळी असेल तर घरापर्यंत गाडी देण्याची जबाबदारी कंपनीची आहे. ती सोय मागून घ्यावी, तिच्यासाठी आभार मानत बसू नये. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिची अध्यक्ष स्त्री असते. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. समितीत कोण आहे हे रुजू झाल्याच्या आठवड्यातच पाहून ठेवावे. नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून घेऊ नये, नव्या खात्यात वर्ग करावा; त्या रकमेतून गोव्याची सहल केलेल्या मुली पुढे पस्तिशीत हळहळतात.

धावण्याला हे शहर चांगले आहे, पण सोपे नाही. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे 540 मीटरवर, अडीचशे कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटवर वसले आहे, त्यामुळे सपाट रस्ता शोधावा लागतो. तसा सपाट भाग हुसेनसागराच्या काठी मिळतो. इब्राहिम कुतुबशाहाच्या काळात, 1563 च्या सुमारास बांधलेल्या या तलावाच्या नेकलेस रोडवर पहाटे शेकडो लोक चालतात-धावतात. कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यान म्हणजे सगळ्यांचे केबीआर पार्क; 1998 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या भोवतीच्या पायवाटेचा फेरा पाच-सहा किलोमीटरचा आहे, चढउताराचा आहे, आणि तिथे पहाटेपासून इतकी वर्दळ असते की एकट्या मुलीला अवघडल्यासारखे होत नाही. कोंडापूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये मातीची वाट आहे. गुडघ्यांना ती डांबरापेक्षा मानवते. गच्चीबावलीचे स्टेडियम आणि दुर्गम चेरुवूचा परिसर कार्यालयांच्या जवळ. उस्मानिया विद्यापीठाचे आवार जुन्या झाडांचे, पण पश्चिमेकडे राहणारीला ते दूर पडते.

सुरुवात कशी करावी, यावर समाजमाध्यमांत जितकी मते तितके गुरू आहेत. शहाणपणाची रीत जुनीच आहे. आठवड्यातून तीन दिवस, तीस-तीस मिनिटे, चालणे आणि धावणे आलटून पालटून. धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण कंडरा, सांधे आणि हाडे यांना महिने लागतात. म्हणून दम टिकतो आणि नडगी दुखू लागते. पहिल्या वर्षातल्या बहुतेक दुखापती या तफावतीतून येतात. आठवड्याचे अंतर दहाव्या हिश्शाहून जास्त वाढवू नये असा ठोकताळा आहे. तो विज्ञानाचा नियम नव्हे, पण मोडल्याचा फायदा झालेली माणसे थोडीच. आदल्या रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर धावायचे नाही. गजर बंद करून झोपण्याला आळस म्हणण्याची आपल्याकडची खोड इथे सोडून द्यावी. ज्या आठवड्यात रात्रीच्या बैठका असतील त्या आठवड्यात संध्याकाळी स्टेडियमवर धावावे; पहाटेच धावले पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही.

ऋतू मात्र ऐकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सूर्योदयाच्या आधी बाहेर पडून सातच्या आत घरी यावे. पावसाळ्यात ऊन नसते, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. उन्हाळ्याला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून सुट्टीहून परतल्यावर पहिले दोन आठवडे वेग विसरावा. जानेवारीत सूर्य पावणेसातला उगवतो, त्यामुळे तेव्हा अंधाराचा प्रश्न असतो: उजळ रंगाचा सदरा घालावा, दोन्ही कानांत गाणी लावू नयेत, घरातल्या कुणाला वाट सांगून निघावे. छेडछाडीच्या तक्रारींसाठी पोलिसांची शी टीम ऑक्टोबर 2014 पासून काम करते आहे आणि 112 हा मदतीचा क्रमांक देशभर चालतो.

माणसांइतकाच त्रास कुत्र्यांचा. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, थांबून हळूहळू बाजूला व्हावे. चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये ती मिळते. हळद, चुना, मिरची यांतले काहीही लावू नये.

मुलीच्या धावण्यात मुलाच्या धावण्यापेक्षा वेगळे असे जे आहे, ते रक्ताशी निगडित आहे, आणि त्यावर घरात कुणी बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. डेसिलिटरमागे 12 ग्रॅमच्या खाली आकडा असेल तर धावण्याचा सराव वाढवून उपयोग होत नाही. दम लागतो तो आळसामुळे नव्हे, प्राणवायू पोचत नाही म्हणून. धावायला लागण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन्ही तपासण्या कराव्यात, कारण पहिली ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. इराणी चहा या शहरात टाळणे अवघड, तेव्हा निदान जेवणापासून तासभर लांब ठेवावा.

पाळी सलग तीन महिने चुकली, तर ती धावण्याची बक्षिसी समजू नये. शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची ती खूण असते. तशीच धावत राहिलेल्या मुलींची हाडे ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडांना बारीक तडे जातात. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. वजन कमी करण्यासाठी धावणे आणि धावता यावे म्हणून खाणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. तरुण मुलीने दुसरी धरावी. हॉस्टेलच्या पांढऱ्या भातावर आणि पातळ सांबारावर ते भागत नाही. मराठवाड्यातून आलेल्या मुलीची एक सोय तेलंगणाने आधीच करून ठेवली आहे: संध्याकाळी रस्तोरस्ती चुलीवर ज्वारीची भाकरी भाजून मिळते. सोबत डाळ, पालेभाजी, अंडी असली की झाले. पहाटे धावून आल्यावर पेसरट्टू हा मुगाचा डोसा नुसत्या इडलीपेक्षा बरा.

खर्चाचा क्रम असा: आधी बूट, मग चांगली स्पोर्ट्स ब्रा, घड्याळ सर्वांत शेवटी. बुटांची जोडी 500 ते 800 किलोमीटर चालते. ब्रा घ्यायला लाजून साध्या अंतर्वस्त्रात धावणाऱ्या मुली पाठ आणि खांदे दुखवून घेतात.

स्पर्धांबद्दल थोडे कडक बोलणे भाग आहे. हैदराबाद मॅरेथॉन ऑगस्टच्या अखेरीस असते. हुसेनसागराच्या काठावरून निघून ती गच्चीबावलीच्या स्टेडियमवर संपते आणि मधे उड्डाणपूल आणि चढ यांची रांग लागते. पावसाळी दमट हवा आणि हा मार्ग यांमुळे देशातल्या अवघड मॅरेथॉनपैकी ती मानली जाते. कार्यालयातल्या चार जणींनी नाव नोंदवले म्हणून 42.195 किलोमीटरसाठी नाव नोंदवणे हा मूर्खपणा आहे. पहिल्या वर्षी 10 किलोमीटर, दुसऱ्या वर्षी 21.1 किलोमीटर, पूर्ण अंतर त्यानंतर, आणि तेही हवे असल्यासच. अनेक चांगल्या धावपटू आयुष्यभर 10 किलोमीटर धावतात आणि त्यांचे काही अडत नाही. स्पर्धेच्या दिवशी दर टेबलावर पाणी पिण्याचा हट्टही धरू नये. तासन्तास नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम घसरते. तहान लागेल तेव्हा प्यावे आणि लांबच्या अंतरात मीठ-साखरेचे पाणी घ्यावे.

प्रवास धावण्याला जोडून केला तर त्याला निमित्त मिळते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून यवतेश्वर-कासच्या घाटरस्त्यावर होते. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते. लेहची लडाख मॅरेथॉनही 2012 ची, पण तिथे उंची सुमारे 3,500 मीटर. धावण्याआधी तिथे किमान आठवडाभर मुक्काम करता येण्याइतकी रजा शिल्लक नसेल तर जाऊ नये. परंतु स्पर्धेशिवायही प्रवास असतो. बीदर हैदराबादपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. तिथला किल्ला आणि महमूद गावानने 1472 साली बांधलेला मदरसा एका रविवारी पाहून होतो. पालमपेटचे रामप्पा मंदिर 1213 चे. 2021 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. वरंगळमार्गे बसने जाता येते. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणाच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्यातील रहिवासी स्त्रियांना भाडे पडत नाही, म्हणून ओळखपत्रावरचा पत्ता वेळेत बदलून घ्यावा. शहरातच राहून एखादा रविवार काचीगुडा, सुलतान बाजार, बडीचौडी या जुन्या मराठी वस्तीत घालवावा. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि 1907 पासूनची विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था त्या काळाची अजून उभी असलेली साक्ष आहे. परक्या शहरात आल्याची भावना तिथे बरीच कमी होते.

एकटीने प्रवास करताना पहिल्यांदा दिवसाची गाडी, ओळखीचे गाव आणि आधी ठरवलेला मुक्काम एवढे पुरे. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्लीपर वर्गात सहा जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, त्या आरक्षणाच्या पानावर वेगळ्या निवडाव्या लागतात. गाडीत अडचण आली तर 139 या क्रमांकावर फोन करावा. गावाकडे यायला काचीगुड्याहून मनमाडला जाणारी अजिंठा एक्स्प्रेस निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना अशी रात्रभर धावते. सोलापूर-पुण्याकडच्यांना हुसेनसागर एक्स्प्रेस. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते. दिवाळीचे तिकीट त्याच दिवशी सकाळी आठला काढावे, नऊला यादी प्रतीक्षेत गेलेली असते.

तुझी मावशी