लेकीचा मित्र आजारी असेल तेव्हा

ताईंनो, हप्ता आणि वसुलीचं बोलणं दर बैठकीत होतंच. या वेळी शेवटची पंधरा मिनिटं आपल्या वयात आलेल्या मुलींसाठी ठेवू या.

२०२० साली 'दिल बेचारा' नावाचा हिंदी सिनेमा मोबाइलवर आला. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या पोरींनी तो बघितलाय, रडल्याही आहेत. जमशेदपूरची किझी, तिला थायरॉइडचा कॅन्सर, नाकाला कायम ऑक्सिजनची नळी. तिला मॅनी भेटतो. हाडाच्या कॅन्सरने त्याचा एक पाय गेलेला. दोघांचं जुळतं, आणि शेवटी मॅनीच आधी जातो. मला त्यात किझीची आई जास्त लक्षात राहिली. सुरुवातीला ती मॅनीकडे संशयानेच बघते. पण पोरीला पॅरिसला जायचं असतं तेव्हा तीच सोबत जाते. पोरीला एकटं सोडत नाही आणि कोंडूनही ठेवत नाही.

आपल्याकडे काय होतं? वर्गातला मुलगा आजारी पडला आणि आपली पोर त्याच्यासाठी जेवेनाशी झाली, की आधी मनात येतं, "लोक काय म्हणतील?" मग शाळा बंद, मोबाइल काढून घ्यायचा, अठराच्या आतच स्थळं बघायची. अगं, पण तिचं माणूस मरणाच्या दारात आहे! तुम्हाला ते प्रेम पोरकट वाटेल, तिचं दुःख मात्र खरंच आहे.

भेटायला जाऊ द्या, सोबत तुम्ही जा. कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. उलट केमो चालू असताना त्याचीच ताकद कमी झालेली असते, आपल्याकडून त्याला सर्दी-ताप लागू शकतो. म्हणून हात धुऊन जायचं, खोकला असेल तर त्या दिवशी जायचं नाही. केस गेलेले बघून पोर दचकेल, तिला आधीच सांगून ठेवा. केमो थांबल्यावर ते बहुतेकदा परत येतात.

आणि खोटं बोलू नका. डॉक्टरांनी आशा सोडली असेल तर "बरा होईल गं" म्हणू नका, ती तेवढी लहान नाही. तो गेलाच तर शेवटचं दर्शन तिला घेऊ द्या. नंतर महिनाभर अभ्यासात लक्ष लागणार नाही, तेव्हा टोमणे नकोत. झोप उडाली, जगायचंच नाही असं बोलायला लागली, तर तिला एकटं ठेवू नका. लगेच १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

जाता जाता एक. हाडाचा कॅन्सर वाढीच्या वयातच जास्त दिसतो, बहुतेकदा गुडघ्याजवळ. मुलामुलीचा गुडघा आठवड्यामागून आठवडे दुखतोय, रात्री जास्त, वर सूजही आहे, तर नुसतं चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढायला सांगा.

पुढच्या बैठकीत मुलींनाही सोबत आणा.