रक्त येतं तिथेच ब्रश फिरव

चि. निखिल,


पेरू खाताना फोडीला रक्त लागलं, तेव्हापासून त्या बाजूला तू ब्रशच लावत नाहीस, असं वहिनी म्हणाली. नेमकं उलट करतो आहेस. जिथून रक्त येतं तिथेच ब्रश फिरायला हवा.

दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला जंतूंचा मऊ, चिकट थर बसतो. नखाने खरवडलंस तर पांढरट निघतो. तो रोज निघाला नाही की हिरडी फुगते, लाल होते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. १९६५ साली हॅराल्ड लोए यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. तुझं दुखणं याच पायरीवर असेल, तर ते पूर्ण बरं होतं.

आता जीभ खालच्या पुढच्या दातांमागे फिरव. खरखरीत लागतं ना? ते कीटण. लाळेतल्या क्षारांनी तो मऊ थरच टणक झालेला असतो. मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटेल, पण कीटण हलणार नाही. ते दंतवैद्यानेच काढायचं. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ हे मी रोज ऐकते. कीटण निघालं, सूज उतरली की फटी उघड्या पडतात, काही दिवस गार पाणी झोंबतं, एवढंच. दात हलतात ते आतलं हाड झिजल्याने, आणि गेलेलं हाड आपसूक भरून येत नाही.

मऊ ब्रश घे. हिरडीच्या कडेशी तो तिरका धरून, जोर न देता, छोट्या हालचालींनी दोन मिनिटं घास; सकाळी आणि रात्री झोपताना. फटींत फ्लॉस फिरव. सुरुवातीला रक्त येईल, थांबू नकोस. क्लोरहेक्सिडीनची गुळणी डॉक्टरांनी सांगितली तरच आणि सांगितले तेवढेच दिवस. जास्त वापरली की दातांवर तपकिरी डाग पडतात.

गावी गेलास की काकी मिश्री पुढे करेल. ‘रक्त लगेच थांबतं’ हे तिचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच मिश्री घातक. तिच्यातल्या तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात; रक्त दिसेनासं होतं, रोग आत वाढत राहतो. सिगरेटचंही तेच.

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. या आठवड्यातच जाऊन कीटण काढून घे. त्यानंतर दोन आठवडे नीट घासूनही रक्त येत राहिलं, तर पुन्हा दाखव आणि रक्तातली साखरही तपासून घे. आपल्या घराण्यात मधुमेह आहे.

तुझी,
आत्या